बॉटल्ड-इन-बॉन्ड बर्बनची चव घेताना या चुका टाळा

पहिली चूक बाटली उघडण्याआधीच, लेबल वाचताना होते. बर्बन म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनणारी अमेरिकन व्हिस्की, आणि तिच्या बाटलीवरचे ‘बॉटल्ड-इन-बॉन्ड’ हे शब्द चवीचा दर्जा सांगतात असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती व्हिस्की कशी बनवली आहे याची हमी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील काही व्यापारी साध्या मद्यार्कात रंग आणि तंबाखूसारखे पदार्थ मिसळून तो जुनी व्हिस्की म्हणून खपवीत असत, आणि त्याला आळा घालण्यासाठी केंटकी राज्यातील डिस्टिलर (व्हिस्की गाळणारे) एडमंड हेन्स टेलर व तत्कालीन अर्थमंत्री जॉन कार्लाइल यांच्या पुढाकाराने 3 मार्च 1897 रोजी बॉटल्ड-इन-बॉन्ड कायदा झाला. त्यानुसार व्हिस्की एकाच डिस्टिलरीत, एकाच हंगामात, म्हणजे जानेवारी ते जून किंवा जुलै ते डिसेंबर या काळात गाळलेली असावी लागते. ती सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षे मुरवावी लागते आणि बरोबर 50 टक्के अल्कोहोलवर बाटलीत भरावी लागते. त्यात पाण्याखेरीज काही घालता येत नाही. या चौकटीत राहूनही राईचा (मोहरी नव्हे, गव्हासारखे एक धान्य) हात सढळ असलेली ओल्ड ग्रँड-डॅड ही बर्बन मसालेदार लागते, तर राईऐवजी गहू वापरणारी ओल्ड फिट्झगेराल्ड मवाळ लागते. तेव्हा शिक्का पाहून गुण देऊ नयेत. एक हंगाम म्हणजे एक पिंप असेही समजू नये, कारण त्या हंगामातील अनेक पिंपांतील व्हिस्की एकत्र करण्यास मुभा आहे.

लेबलवरील डिस्टिलरीचा क्रमांक मात्र अवश्य वाचावा. ‘डीएसपी-केवाय-1’ असेल तर व्हिस्की लुईव्हिलच्या बर्नहाइम डिस्टिलरीत गाळलेली आहे आणि ‘डीएसपी-केवाय-113’ असेल तर बफेलो ट्रेसमध्ये. ब्रँडच्या नावापेक्षा हा क्रमांक अधिक खरे बोलतो.

आपल्याकडील वाचकांची खास फसगत लेबलवरील ‘100 प्रूफ’ या आकड्याने होते; प्रूफ म्हणजे मद्यातील अल्कोहोलचे प्रमाण सांगणारे माप. भारतीय व्हिस्कीच्या बाटलीवर 42.8 टक्क्यांसोबत 75 डिग्री प्रूफ लिहिण्याची जुनी पद्धत ब्रिटिश मोजमापाची आहे, आणि त्या हिशेबाने 100 प्रूफ म्हणजे सुमारे 57 टक्के होतात. अमेरिकन प्रूफ टक्केवारीच्या सरळ दुप्पट असते, म्हणून बर्बनच्या लेबलवर 100 म्हणजे 50 टक्केच. हा फरक ठाऊक नसला की मनुष्य धास्तीने आधीच ग्लास पाण्याने भरून टाकतो आणि मग चव पातळ असल्याची तक्रार करतो.

सर्वांत जास्त नुकसान मात्र नाकाच्या घाईने होते. वाइनप्रमाणे ग्लासात नाक खुपसले तर 50 टक्के अल्कोहोलच्या वाफेने ते सुन्न होते आणि पुढची काही मिनिटे नेलपेंट काढण्याच्या द्रवासारखाच वास येत राहतो. अशा वेळी व्हिस्कीला दोष न देता ग्लास दहा मिनिटे तसाच ठेवावा, नंतर तो हनुवटीपाशी धरून तोंड किंचित उघडे ठेवावे आणि हळूहळू वर न्यावा. व्हॅनिला, जळकी साखर, मक्याचे भाजलेले कणीस, ओकचे लाकूड हे गंध त्यानंतर वेगवेगळे होऊ लागतात. वर निमुळता होणारा लहान ग्लास घ्यावा. रुंद तोंडाच्या ग्लासातून गंध पांगतो. रिकाम्या ग्लासाचाही वास आधी घ्यावा. मी एकदा लागोपाठ दोन नमुन्यांपुढे ‘लिंबाची साल’ असे मोठ्या समाधानाने लिहिले, आणि तिसऱ्याच्या वेळी लक्षात आले की तो सुगंध भांडी घासण्याच्या साबणाचा आहे.

पहिल्या घोटावरून मत बनवू नये. तो केवळ तोंडाला सवय लावण्यासाठी असतो; दुसरा घोट जिभेवरून सावकाश फिरवून गिळल्यावर जळजळ ओसरू द्यावी आणि त्यानंतर जे मागे रेंगाळते त्यालाच शेवटची चव म्हणावे. घशातली आग लांबली म्हणजे चव लांबली, हा गैरसमज फार पसरलेला आहे.

पाणी घालणे यात कमीपणा नाही, परंतु ते मोजून घालावे. 20 मिलीलीटर व्हिस्कीत 5 मिलीलीटर पाणी घातले की ती 40 टक्क्यांवर येते. एवढे पाणी एकदम न घालता ड्रॉपरने काही थेंब टाकून दर वेळी वास घ्यावा. एका टप्प्यावर गोडवा खुलतो आणि त्यापुढे गेल्यास बहुधा लाकडाचा तुरटपणा तेवढा उरतो. बर्फाने गंध दबतो आणि सोड्याचे बुडबुडे जिभेचे लक्ष विचलित करतात. पेग म्हणून घेताना त्यांना कोणी अडवणार नाही, पण परीक्षण करताना ते दूर ठेवावेत. चखण्याचेही तसेच. तिखट शेव किंवा मसाला शेंगदाणे खाऊन ‘राईचा मसालेदारपणा जाणवला’ असे लिहिणारा बहुधा मिरचीचेच वर्णन करीत असतो.

रंग गडद म्हणजे वय जास्त, किंवा ग्लासाच्या कडेने ओघळणाऱ्या धारा जाड म्हणजे दर्जा वरचा, हे निकष सोडून द्यावेत. त्याऐवजी एकाच घराण्यातील दोन व्हिस्की समोरासमोर ठेवाव्यात, उदाहरणार्थ इव्हन विल्यम्सची 43 टक्क्यांची काळ्या लेबलची आणि 50 टक्क्यांची पांढऱ्या लेबलची. प्रत्येकी 15 मिलीलीटर पुरे, आणि कोणत्या ग्लासात काय आहे ते आपल्याला कळू न देता दुसऱ्याने ओतावे. काही दिवसांनी त्याच बाटल्यांतून पुन्हा चव घेऊन दोन्ही टिपणे शेजारी ठेवावीत; जे गंध दोन्हींत आढळतात, त्यांच्यावरच विसंबावे.