प्रतिमेचे वेव्हलेट सहगुणक ‘आर’मध्ये कसे रेखाटावेत

वेव्हलेट रूपांतर प्रतिमेतले बारीक आणि मोठे बदल वेगवेगळे करतं, आणि प्रत्येक जागी किती बदल आहे ते सांगणारे आकडे म्हणजे वेव्हलेट सहगुणक. त्यांचं चित्र एका आज्ञेत निघतं. त्या चित्रातले गडद-फिके रंग नेमकं काय सांगतात, हे मात्र आपण कोणती मोजपट्टी, म्हणजे आकड्यांना रंग देण्याची कोणती पद्धत, निवडली त्यावर ठरतं. म्हणून या लेखात मोजपट्टीला जास्त जागा दिली आहे.

आधी साधनं. ‘आर’ हे मोफत संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर आणि त्यातलं ‘वेव्हथ्रेश’ (wavethresh) हे पॅकेज पुरेसं आहे. पॅकेज इन्स्टॉल करून ‘लायब्ररी’ आज्ञेने उघडा. सरावासाठी त्यातच ‘लेनन’ नावाची २५६ × २५६ पिक्सेलची प्रतिमा आहे. स्वतःचा फोटो घ्यायचा असेल, तर ‘पीएनजी’ पॅकेजने वाचा आणि लाल, हिरवा, निळा या थरांना अनुक्रमे ०.२९९, ०.५८७ आणि ०.११४ ने गुणून बेरीज करा, म्हणजे एकच करडा थर मिळेल. प्रतिमा चौरस हवी आणि बाजू दोनाचा घात हवी: १२८, २५६, ५१२. नसेल तर कापून घ्या. काठावर शून्यांची पट्टी जोडली, तर त्या सांध्यावर खोटी कड तयार होते आणि ती सहगुणकांत ठळक दिसते.

आता रूपांतर. फंक्शनचं नाव ‘आयएमडब्ल्यूडी’ (imwd). फिल्टर क्रमांक १ आणि ‘डॉबएक्सफेज’ (DaubExPhase) हे कुल (family) दिलं की हार वेव्हलेट मिळतं. सुरुवात त्यानेच करा, कारण त्यात शेजारच्या पिक्सेलांच्या बेरजा आणि वजाबाक्या एका ठरलेल्या संख्येने भागलेल्या असतात, एवढंच, आणि निकाल हाताने पडताळता येतो. काही सांगितलं नाही, तर फंक्शन क्रमांक १० चं जास्त गुळगुळीत वेव्हलेट वापरतं.

२५६ च्या प्रतिमेचे आठ स्तर होतात, ० ते ७; प्रत्येक स्तर एका आकाराचे बदल मोजतो. सातवा सर्वांत बारीक. प्रत्येक स्तरात तपशिलाचे तीन तुकडे असतात: एका दिशेचे बदल, दुसऱ्या दिशेचे बदल आणि तिरपे बदल. सातव्या स्तरावर प्रत्येक तुकडा १२८ × १२८ चा, म्हणजे एकूण ६५,५३६ सहगुणकांपैकी ४९,१५२ तिथेच असतात.

रूपांतराचा निकाल ‘प्लॉट’ला दिला की नेहमीची मांडणी दिसते: मोठे तुकडे बारीक स्तरांचे, आणि एका कोपऱ्याकडे लहान होत जाणारे जाड स्तरांचे.

इथे थांबून ‘स्केलिंग’ हा पर्याय बघा, म्हणजेच ती मोजपट्टी. न सांगता तो ‘बाय.लेव्हल’ असतो, म्हणजे प्रत्येक स्तर स्वतंत्रपणे ताणून पूर्ण रंगपट्टीवर बसवला जातो. त्यामुळे सातव्या स्तरातला क्षीण गोंगाटही जाड स्तरांतल्या भल्यामोठ्या आकड्यांइतकाच ठसठशीत दिसतो. कडा कुठे आहेत ते शोधायला हे उत्तम, पण दोन स्तरांची तुलना करायची असेल तर या चित्रावर विसंबू नका. त्यासाठी ‘ग्लोबल’, म्हणजे सगळ्या स्तरांना एकच पट्टी, निवडा. मग बारीक स्तर जवळजवळ कोरे दिसतील. ती चूक नव्हे. बहुतेक छायाचित्रांत बारीक सहगुणक शून्याजवळच असतात आणि प्रतिमा दाबून साठवता येते ती त्याचमुळे. फारच काही दिसेनासं झालं, तर ‘ट्रान्सफॉर्म’ चालू करा. वर्गमूळ घेतल्याने लहान आकडे वर येतात. माझ्या मते ‘ग्लोबल’ आणि वर्गमूळ ही जोडी सर्वांत प्रामाणिक चित्र देते.

‘को.टाइप’ (co.type) हा पर्याय मुळात निरपेक्ष किंमत दाखवतो, त्यामुळे धन-ऋण चिन्ह हरवतं. चिन्ह हवं असेल तर तिथे ‘नन’ (none) लिहा.

तीनपैकी कोणता तुकडा कोणत्या दिशेचा, हे पाठ करू नका, तपासा. पूर्ण काळी प्रतिमा घेऊन तिच्या मॅट्रिक्समधला एकच स्तंभ पांढरा करा आणि रूपांतर रेखाटा. प्रत्येक स्तरात एकाच जागेचा तुकडा उजळेल. ही तपासणी महत्त्वाची आहे, कारण ‘आर’चं ‘इमेज’ फंक्शन मॅट्रिक्सच्या ओळी आडव्या अक्षावर मांडतं आणि चित्र डावीकडे ९० अंशांनी वळलेलं दिसतं. फोटो सरळ हवा असेल, तर रेखाटण्यापूर्वी प्रत्येक स्तंभ उलटा करून मॅट्रिक्सच्या ओळी आणि स्तंभ यांची अदलाबदल करा.

प्रतिमेच्या कडेने अनपेक्षित ठळक रेघा दिसल्या, तर घाबरू नका. हे फंक्शन प्रतिमेची डावी बाजू उजवीला आणि वरची खालच्या बाजूला जोडलेली आहे असं धरून चालतं. वर आकाश आणि खाली जमीन असेल, तर तो सांधा गुळगुळीत वेव्हलेटला कडेसारखाच भासतो. अशा रेघा अर्थ लावताना बाजूला ठेवा.

शेवटी ‘आयएमडब्ल्यूआर’ (imwr) फंक्शनने उलट रूपांतर करा आणि मूळ प्रतिमेतून वजा करा. सर्वांत मोठा फरक दशांशचिन्हानंतर बऱ्याच शून्यांनी सुरू होणारा असायला हवा. तसा नसेल, तर सहगुणकांत कुठेतरी बदल झाला आहे. चित्र वापरण्याआधी तो शोधा.