नसांची आग आणि गोळ्यांचा डबा : या चुका टाळा

"चिमटा काढला तरी कळत नाही, मग पाय जळतायत कसे?" मणक्याच्या दुखापतीनंतर दादाचे पाय गेले, तेव्हा घरात जो तो हेच विचारायचा. आग खरीच असते. ती पायात नसून दुखावलेल्या मज्जारज्जूत पेटते, म्हणून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या तिच्यावर फारशा चालत नाहीत. आम्ही मात्र महिनाभर त्याच गोळ्या देत राहिलो. लघवीच्या तक्रारींमुळे ज्यांची मूत्रपिंडं आधीच जपायची, त्यांना या गोळ्यांचा ताण परवडणारा नाही.

या दुखण्यावर सहसा प्रीगॅबलिन, गॅबापेन्टिन किंवा अमिट्रिप्टिलीन देतात. डोस हळूहळू वाढवतात, फरक कळायला काही आठवडे जातात. तिसऱ्या दिवशी "गुण नाही" म्हणून गोळी सोडू नका. आग साफ विझेलच असं नाही. दादाला सलग पाच तास झोप लागली तेव्हा आम्हाला भरून आलं होतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गोळी एकदम बंद करणं. प्रीगॅबलिन किंवा गॅबापेन्टिन अचानक थांबवलं तर घाम, घालमेल, निद्रानाश, क्वचित फिटही येते. पाय आखडू नयेत म्हणून चालू असलेल्या बॅक्लोफेनचंही तसंच. शेवटची पट्टी उघडली की नवी आणायचीच.

एकदा डबा आवरताना दोन पट्ट्या हाती आल्या. नावं वेगळी, डॉक्टर वेगळे. मागची बारीक अक्षरं वाचली तर एकीत प्रीगॅबलिन ७५, दुसरीत प्रीगॅबलिन ७५ अधिक नॉरट्रिप्टिलीन. दादा दिवसभर पेंगत होता तो यामुळे! व्हीलचेअरवर सरकताना तोल गेला असता तर? तेव्हापासून प्रत्येक डॉक्टरांपुढे सगळ्या पट्ट्या ठेवतो. त्यात ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी असेल तर आवर्जून सांगा; अमिट्रिप्टिलीनसोबत फिटचा धोका वाढतो.

अमिट्रिप्टिलीनने लघवी तुंबते, शौचास घट्ट होतं, हेही लक्षात असू द्या. प्रीगॅबलिनने दोन्ही पावलं सुजू शकतात. एकच पाय सुजला तर रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा.

आणि आग अचानक भडकली तर डोस मनाने वाढवू नका. आधी लघवीचा संसर्ग, पोट साफ आहे का, बेडसोर, बोटात रुतलेलं नख बघा. दादाच्या बाबतीत एकदा मांडीखाली कॅथेटरची नळी दुमडली होती. ती सरळ केली, पिशवीत लघवी उतरली आणि तासाभरात तो शांत झोपला.