एचएसपी६० ची अँटीबॉडी: ६० किलोडाल्टनवर बँड आला म्हणजे काम झालं असं नाही

एचएसपी६० हे मायटोकॉन्ड्रियाच्या मॅट्रिक्समधलं चॅपरोन, आत आलेल्या प्रोटीनला नीट फोल्ड व्हायला मदत करतं, आणि पेशीत ते भरपूर असतं त्यामुळे वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीन आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीनं ओळखायची पद्धत) तसा सोपा जातो. एका लेनला १०-२० मायक्रोग्रॅम लायसेट (पेशी फोडून काढलेला अर्क) पुरतं, जास्त घातलं की बँड नुसता जाडजूड येतो आणि दोन सॅम्पलमधला फरक दिसतच नाही. प्रायमरी, म्हणजे प्रोटीनला थेट चिकटणारी अँटीबॉडी, १:१००० पासून सुरू करा, रात्रभर ४ डिग्रीला ठेवा, मग डायल्यूशन आपल्या सॅम्पलप्रमाणे कमीजास्त करा. वापरलेली अँटीबॉडी परत वापरायला सोडियम अझाइड घालून ठेवत असाल तर एचआरपीवाल्या सेकंडरीत (प्रायमरीला चिकटणारी, सिग्नल देणारं एन्झाइम जोडलेली अँटीबॉडी) ते चुकूनही घालू नका, एन्झाइम बंद पडतं.

आता खरी गोष्ट, बँड आपल्याच प्रोटीनचा आहे हे दाखवायचं कसं? सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे एचएसपी६० बनवणाऱ्या एचएसपीडी१ जीनचं नॉकडाउन, म्हणजे सायआरएनए या छोट्या आरएनएनं जीनचं काम दाबणं, सायआरएनए दिलेल्या लेनमध्ये बँड फिका पडलाच पाहिजे. आणि हो, बॅक्टेरियातलं ग्रोईएल हे याचंच भावंड, काही अँटीबॉडी दोघांनाही पकडतात, म्हणून प्रोटीन ई. कोलायमध्ये बनवलं असेल तर डेटाशीटमध्ये हे आधी बघा, नाहीतर बॅक्टेरियाचाच बँड आपला समजून बसाल.

इम्युनोफ्लुरोसन्समध्ये (चमकणाऱ्या अँटीबॉडीनं पेशीतलं प्रोटीन मायक्रोस्कोपखाली बघणं) बरेच जण अडकतात ते परमिएबिलायझेशनला, म्हणजे अँटीबॉडी आत जावी म्हणून मेम्ब्रेनला भोकं पाडण्याला. कमी डिजिटोनिननं (एक डिटर्जंट) फक्त बाहेरचं प्लाझ्मा मेम्ब्रेन उघडतं, मायटोकॉन्ड्रियाची दोन्ही मेम्ब्रेन तशीच राहतात, मग अँटीबॉडी मॅट्रिक्सपर्यंत पोचणार कशी, आणि आपण मात्र अँटीबॉडीच खराब म्हणून नवीन मागवतो! ४ टक्के पीएफएने (पॅराफॉर्मल्डिहाइड) १५ मिनिटं फिक्स करा, मग ०.१ ते ०.२ टक्के ट्रायटन एक्स-१०० हे जास्त कडक डिटर्जंट द्या. टॉम२० (मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या मेम्ब्रेनवरचं प्रोटीन) सोबत डबल स्टेनिंग करा, पण दोन्ही प्रायमरी वेगवेगळ्या प्राण्यांतल्या हव्यात, एक रॅबिट असेल तर दुसरी माउस. नुसत्या सेकंडरीचा कंट्रोल तर प्रत्येक वेळी हवाच.

लोडिंग कंट्रोलला (सगळ्या लेनमध्ये सारखंच सॅम्पल गेलं हे दाखवणारं प्रोटीन) ट्युब्युलिन टाळा, ते ५०-५५ किलोडाल्टनला येतं, अगदी शेजारी, त्यापेक्षा ३७ चं जीएपीडीएच बरं. आणि एचएसपी६० लाच मायटोकॉन्ड्रियाचं लोडिंग कंट्रोल म्हणून वापरणारे खूप आहेत, साध्या प्रयोगात ठीक आहे, पण पेशींना ताण दिला की ते स्वतःच वाढू शकतं, तेव्हा अशा प्रयोगात व्हीडॅक (मायटोकॉन्ड्रियाचंच दुसरं प्रोटीन) वगैरे घ्या आणि तेही त्या ताणात बदलत नाही ना हे आधी तपासून घ्या.