ख्रिस्ती श्रद्धेवर वाद कसा घालावा
वसई किंवा कोर्लईच्या ख्रिस्ती शेजाऱ्याशी वाद घालण्यापूर्वी आपण नेमके काय नाकारत आहोत हे ठरवावे, कारण देवाचे अस्तित्व, त्याचे चांगुलपण आणि येशूचे पुनरुत्थान हे वेगळे प्रश्न आहेत. पुनरुत्थानाचा दावा इतिहासाचा असल्याने तेथे साक्षी आणि त्यांचा काळ तपासावा.

खरी कसोटी दुष्टतेची, म्हणजे जगातील वाईटाची आणि दुःखाची. सर्वशक्तिमान, पूर्णतः चांगला देव आणि दुष्टता यांत तार्किक विसंगती आहे, असे तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी १९५५ साली मांडले. त्यावर ख्रिस्ती तत्त्वज्ञ आल्विन प्लँटिंगा यांचे उत्तर असे, की खरोखर स्वतंत्र असलेले जीव कधीच वाईट निवडणार नाहीत, याची हमी देणे कदाचित देवालाही शक्य नसेल. हे उत्तर विसंगती नाकारते, देव आहे असे सिद्ध करत नाही. प्रतिपक्षाने तसे भासवल्यास तेथेच अडवावे.

मग ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, त्यात कोणाची इच्छा होती, असे विचारावे. प्लँटिंगा येथे अदृश्य स्वतंत्र आत्म्यांची शक्यता सुचवतात; तर्काला ती पुरते, मला ती पटत नाही. ‘पापाचे फळ’ असे उत्तर आल्यास बायबलमधील, निर्दोष असून दुःख भोगणाऱ्या ईयोबाची आठवण द्यावी, कारण तसे म्हणणाऱ्या त्याच्या मित्रांवर तेथे देवच रागावतो. ज्याची बाग गेली, त्याच्या ओटीवर मात्र हा विषय काढू नये.