काळ्या रानात ल्युकोफायलम जगवायचं तर

रुपेरी पानांचं, जांभळ्या फुलांचं हे सदाहरित झुडूप मूळचं टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोच्या चुनखडी माळांवरचं. त्यामुळे मराठवाड्याचं ऊन आणि बोअरचं क्षारयुक्त पाणी ते सोसतं. मरतं ते काळ्या मातीत, पावसाळ्यात मुळाशी पाणी साचून.

म्हणून खड्डा नको, उंचवटा करा. फूटभर उंच, तीन फूट रुंद. दोन घमेली मुरमाला एक घमेलं माती या हिशेबानं, वर दोन ओंजळी कुजलेलं शेणखत, बस्स. पिशवीतल्या मातीची पातळी उंचवट्यापेक्षा बोटभर वरच राहू द्या. लागवड पहिल्या दोन-तीन पावसांनंतर, दिवसभर ऊन लागेल अशा जागी. सावलीत पानं हिरवट पडतात, फांद्या लांबुडक्या होतात.

पहिल्या वर्षी पावसानं ओढ दिली तरच आठवड्याला पाणी. पुढे भर मे महिन्यात पंधरवड्याला एक बादली पुरते. ठिबकच्या रोजच्या लाइनवर याला जोडूच नका! खालची पानं पिवळी पडून गळताहेत आणि माती ओली आहे, तर मुळं कुजताहेत. लोक नेमकं तेव्हाच आणखी पाणी घालतात.

युरिया दिला की पाला माजतो, फुलं रुसतात. बहर हवेतल्या दमटपणावर येतो, बहुधा पावसाच्या सरीनंतर. छाटणी फेब्रुवारीअखेर, एक तृतीयांशपेक्षा कमी, आणि पानं असलेल्या भागातच. जुन्या उघड्या लाकडाला फूट येईलच असं नाही. कात्रीनं गोल गरगरीत चेंडू करण्याची हौस असेल तर मेंदी लावलेली बरी.