कॅमेऱ्याची खरेदी शनिवारीच उरका

पुण्याहून दोन दिवसांसाठी मुंबईला जाणार असाल आणि कॅमेऱ्याचं सामानही घ्यायचं असेल, तर ते काम शनिवारीच करा. फोर्टातली बोरा बाजार आणि दादाभाई नौरोजी रस्त्यावरची कॅमेऱ्याची बरीचशी दुकानं रविवारी बंद असतात. सकाळी ७:१५ची डेक्कन क्वीन पकडली की साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला उतरता येतं, आणि तिथून हा बाजार चालत पाच-दहा मिनिटांवर.

स्वतःचा कॅमेरा मात्र सोबत न्याच. मेमरी कार्ड दुकानातच घालून फॉरमॅट करा, चार फोटो काढून पाहा. फिल्टर घ्यायचा तर लेन्सच्या झाकणामागे लिहिलेला व्यास बघा; ५८ आणि ६२ मिमीमध्ये घोळ सहज होतो. पक्कं बिल घ्या, वॉरंटीला तेच लागतं.

भूक लागली की धोबी तलावला १९०४ सालच्या कयानी या इराणी कॅफेत ब्रून मस्का (लोणी लावलेला कडक पाव) आणि चहा. सूर्यास्तानंतर, आकाश गडद निळं असतानाच, सीएसएमटीच्या उजळलेल्या इमारतीचे फोटो काढा. ही वेळ फार थोडी असते, जागा आधीच धरा.

रविवारी पहाटे गेटवे गाठा, सूर्य समोरच्या पाण्यावरून उगवतो. कपडे, दागिन्यांसाठी कुलाबा कॉजवे त्यानंतर.