लोंबत्या फांद्यांचा आल्डर लावताना या चुका टाळा

बंगल्यासमोर लोंबत्या फांद्यांचे एखादे झाड असावे, अशी हौस बेळगाव, खानापूर, निपाणी भागात अनेकांना असते आणि परदेशी बागांची छायाचित्रे पाहून ‘वीपिंग आल्डर’ची चौकशी सुरू होते. सर्वांत महागात पडणारी चूक येथेच घडते, कारण झाडाचा आकार पाहिला जातो, त्याचे मूळ ठिकाण नाही. बागांत दिसणारा असा आल्डर बहुधा युरोपातील करड्या आल्डरचा लोंबता प्रकार असतो. थंड प्रदेशात, ओढ्याकाठच्या ओलसर जमिनीत वाढणारे हे पानगळीचे झाड आहे. त्याची साल गुळगुळीत व करडी असते. हिवाळा सरताना, पाने फुटण्याआधी, निष्पर्ण फांद्यांवर नरफुलांचे लांब तुरे लोंबतात आणि मादीफुलांपासून झालेली, सुरूच्या फळांसारखी छोटी टणक बोंडे झाडावर बराच काळ टिकून राहतात.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने येथे थंड हवेचे कोणतेही झाड येईल, हा समज चुकीचा आहे. येथे जानेवारीतही पहाटेचे तापमान सहसा १३–१५ अंशांच्या आसपास असते आणि दुपारी ते तिशीला टेकते. आल्डरला पुरती विश्रांती मिळण्यासाठी आठवडेच्या आठवडे याहून कितीतरी कडक थंडी लागते. ती न मिळाल्यास कळ्या मागेपुढे फुटतात, तुरे धरत नाहीत आणि झाड खुरटते. नागालँडमध्ये आल्डर होतो, मग येथे का नाही, असेही विचारले जाते. तेथील खोनोमा गावचे शेतकरी जो आल्डर शेतात राखतात, ती हिमालयीन, सरळ वाढणारी वेगळी जात आहे.

दुसरी चूक पाण्याची. खानापूरकडे धो-धो पाऊस पडतो हे खरे, पण तो मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि त्यानंतरच्या कोरड्या काळात मुरमाड तांबडी माती ओल धरून ठेवत नाही. एप्रिलमध्ये पानांच्या कडा तपकिरी होऊन चुरगळू लागल्या की बुरशीनाशक फवारण्याची घाई केली जाते. आधी आळ्यातील माती वीतभर खोल उकरून पाहावी. माती कोरडी असेल आणि पानांवर ठिपके वा भुकटी नसेल, तर तो रोग नसून तहान आहे.

युरियाची घाईही अनाठायी आहे. आल्डरच्या मुळांवरील गाठींत फ्रँकिया नावाचे जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात आणि वरून भरपूर नत्र दिल्यास गाठी कमी धरतात. सुरूच्या मुळांतही फ्रँकिया असतो, म्हणून सुरूखालची माती आणून घालण्याची युक्ती सांगितली जाते. मात्र त्या जिवाणूचा वाण वेगळा असल्याने तिचा उपयोग होत नाही.

कलमी रोप असल्यास खोडावरील जोडाच्या फुगवट्यावर लक्ष ठेवावे. त्याच्या खालून सरळ वर जाणारे धुमारे निघतात आणि ते तसेच वाढू दिले तर दोन-तीन वर्षांत लोंबता भाग मागे पडून नुसते सरळ झाड उरते. बोटभर लांबीचे, कोवळे असतानाच ते बुडापासून काढावेत.

माझ्या मते या भागात आल्डरचा हट्ट सोडावा. मलप्रभा किंवा मार्कंडेय नदीकाठच्या ओलीच्या जागेसाठी आपला वाळुंज (भारतीय विलो) आहेच. त्याच्या फांद्या तितक्या लोंबत नाहीत, पण पाण्यात उभा राहायला तो घाबरत नाही. अंगणासाठी लोंबता बॉटलब्रश घ्यावा. अथणी, रायबागकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत मात्र त्याची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. तेथे खड्ड्यात शेणखत व तांबडी माती मिसळून पाण्याचा निचरा सुधारावा. छाटणी फुले सुकताच करावी, कारण पावसाळा संपल्यावर शेंडे कापले तर पुढच्या बहराच्या कळ्याच कापल्या जातात.